डाव्या कानाचा हो

आमच्याकडे साडीतली बाई मोटरसायकलवर बसते ती एका अंगानं, दोन्ही पाय डावीकडे सोडून. उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर, मांडीवर पिशवी आणि तोंड नेमकं नवऱ्याच्या डाव्या कानापाशी. रस्ताभर ती बोलत असते आणि तो हो हो करत असतो. वर्ध्याच्या कोणत्याही रस्त्यावर उभं राहून पाहा, निम्मे संसार असेच चाललेले दिसतील. आमचाही तसाच चालला, सव्वीस वर्षं. फरक एवढाच, की माझ्या डाव्या कानाच्या पडद्याला भोक होतं आणि त्या कानानं मला रस्त्यावर काहीच ऐकू येत नाही, हे मी बायकोला सांगितलेलं नव्हतं.

भोक पडलं तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आमचं गाव आष्टीच्या बाजूला. विहिरीच्या काठावरून उडी मारायची पैज लागली. मी सरळ पडायच्या ऐवजी आडवा पडलो आणि डावा कान पाण्यावर फाटकन आपटला. वर आलो तेव्हा काठावरची पोरं पोट धरून हसताना दिसत होती, पण हसणं मात्र अर्धंच ऐकू येत होतं. घरी गेल्यावर कान ठणकायला लागला. आईनं लसणाच्या दोन पाकळ्या टाकून तेल कढवलं, कोमट करून कानात सोडलं आणि वर कापसाचा बोळा बसवला. गावात सगळ्यांच्या कानाला हेच औषध होतं. पडदा फाटलेल्या कानात तेल घालायचं नसतं हे आईला कोण सांगणार? कान वाहायला लागला आणि पुढे दर पावसाळ्यात वाहत राहिला.

आईला कानापेक्षा माझ्या लग्नाची काळजी जास्त होती. मी नोकरीला लागलो तेव्हा तिनं मला जवळ बसवून बजावलं, "कानाची गोष्ट कोनाले सांगू नको, बाबू. लोकं पोरी देत नाई." झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं धोरण. मी ती मूठ इतकी घट्ट झाकली की पुढे उघडायची म्हटली तरी बोटं उघडेनात.

एका कानाचा माणूस हळूहळू हुशार होतो. कचेरीत मी पहिल्याच आठवड्यात भिंतीकडची खुर्ची मागून घेतली, म्हणजे डावा कान भिंतीला आणि उजवा लोकांना. रस्त्यानं चौघांत चालताना मी नेहमी डाव्या टोकाला. फोन उजव्या कानाला. घरात, शांततेत, समोरासमोर कुणी बोललं तर अडत नसे, कारण उजवा कान दोघांचं काम करायचा. लोक या कानानं ऐकतात आणि त्या कानानं सोडून देतात म्हणे. माझ्याकडे सोडून द्यायला दुसरा कानच नव्हता. आणि जिथं काहीच कळत नसे तिथं माझ्याकडे रामबाण इलाज होता, तो म्हणजे मान हलवून हो म्हणणं. या हो म्हणण्यानं माझं फारसं कधी बिघडलं नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

मुलगी पाहायला पवनारला गेलो तेव्हा याच इलाजानं मला तारलं. सासऱ्यांचं घर धाम नदीच्या पुलापलीकडे, शेताला लागून. एकराच्या तुकड्यात वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायचे आणि वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकायचे. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली एक बाज, दोन खुर्च्या. सासरे येऊन बसले ते माझ्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर, आणि बाहेर पाण्याची मोटर सुरू. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं काहीतरी लांबलचक विचारलं. मी म्हटलं, "हो जी." ते आत बघून हसले. नंतर कळलं की त्यांनी विचारलं होतं, पोरगी बारावी झाली आहे, तिला पुढं बी.ए. करू द्याल का? दारूचा प्रश्न सुदैवानं त्यांनी उजव्या बाजूला येऊन विचारला, नाहीतर त्यालाही मी हो जी म्हटलं असतं आणि ही गोष्ट तिथंच संपली असती.

तिनं लग्नानंतर बी.ए. केलं. परीक्षेला मीच तिला गाडीवर सोडून द्यायचो. मला न विचारता मिळालेला हा मोठेपणा सासऱ्यांनी गावभर वाटला. "जवाईबापूनं हो म्हटलं म्हंजे झालं समजा," असं ते कुणालाही सांगायचे. "एका शब्दाचा मानूस आहे." सासूबाई पदर सावरून मान डोलवायच्या. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं, आणि लाजेपेक्षा बरं वाटणं जरा जास्तच असायचं.

बोरगाव मेघेला आम्ही घर केलं. तिथून पवनार म्हणजे गाडीवर घटकाभराचा रस्ता. दर रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की आम्ही निघायचो. मी डोक्याला, कानाला पांढरा दुपट्टा गुंडाळायचो, कारण आमच्या उन्हात दुपट्टा न बांधता गाडी चालवणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर पाहुणा. ती मागं बसली की शहर संपायच्या आत बोलायला लागायची. काय बोलायची ते मला ठाऊक नव्हतं. पण ती बोलते आहे हे मात्र कळायचं. मानेवर तिचा श्वास लागायचा. खांद्यावरची बोटं बोलण्याच्या चालीनं हलायची, जोर द्यायचा असला की अंगठा दाबायची, गंमत सांगत असली की हाताला हिसका बसायचा, म्हणजे ती हसलेली असायची. मग मीही हसायचो. प्रश्न विचारला की बोटं थांबायची. बोटं थांबली की मी हो म्हणायचो.

घरात ती तशी कमी बोलायची. स्वैपाक, मुलीचा अभ्यास, नळाची वेळ, या सगळ्यात मोजकं बोलणं. गाडीवर मात्र ती मोकळी सुटायची. घरात माझी आई होती, शेजार होता, भिंतीला भिंत होती. रस्त्यावर फक्त मी आणि माझी पाठ. तिनं मनातलं सगळं तिथं सांगितलं असणार आणि मी ते सगळं रस्त्यावर सांडून आलो. कधी कधी वाटायचं, गाडी थांबवावी आणि म्हणावं, अगं, उजवीकडून सांग. पण सांगितलं तर पहिल्या दिवसापासूनचे सगळे हो खोटे ठरणार होते, सासऱ्यांच्या एका शब्दाच्या माणसासकट. म्हणून पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत मी वर्षं काढली.

त्यातला एक दिवस मी जपून ठेवला होता.

सासरे गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, भांडी घासून झाली. आम्ही निघालो तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात सासऱ्यांची पाण्याची तांब्याची लोटी. माझी बायको एकुलती एक. त्या घरात आता दुसरं कुणी नव्हतं. पुलावर समोरून बैलगाड्या येत होत्या म्हणून मी गाडी हळू केली. तेव्हा ती पुढे झुकली. एरवीपेक्षा जवळ. तिचा श्वास गरम होता आणि मधे मधे अडत होता. ती तीन-चार वाक्यं बोलली असेल, फार नाही. मग बोटं थांबली. इतकी थांबली की खांद्यावर हात आहे की नाही असं वाटावं. मी म्हटलं, "हो. हो, पाहून घेऊ." आणि मग तिनं जे केलं ते आधी कधी केलं नव्हतं. तिनं माझ्या पाठीवर डोकं टेकवलं. चारचौघांच्या रस्त्यावर, सरळ. बोरगाव येईपर्यंत उचललं नाही.

तो रस्ता मी पुढे कितीदा तरी मनानं पुन्हा चालवला. ती काय बोलली असेल? आता तुमच्याशिवाय मले कोनी नाही, असं म्हणाली असेल. तुम्ही होते म्हनून निभलं, असं म्हणाली असेल. कामाच्या कंटाळवाण्या दुपारी, भिंतीकडच्या खुर्चीवर, मी ती वाक्यं वेगवेगळ्या शब्दांत तिच्या तोंडी घालून ऐकायचो. तिचा उघड्या वाऱ्यातला आवाज कसा असतो तेही मला माहीत नव्हतं, म्हणून आवाजही मीच बनवायचो. बायकोनं प्रेमाचं काही बोलावं अशी आमच्याकडे रीत नाही आणि नवऱ्यानं तर नाहीच नाही. जे एकदा बोललं गेलं ते माझ्या फुटक्या कानापाशी बोललं गेलं, याची हळहळ मला जेवताना, चालताना, कधीही लागायची.

त्याच वर्षी थंडीत सासूबाई गेल्या. घरी एकट्याच होत्या. सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या, उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं शेजाऱ्याला बोलावलं. बायको फार रडली नाही. घराला कुलूप लावलं, शेत चुलतभावाला करायला दिलं. गाडीवर ती पुढेही बोलत राहिली, श्वास लागत राहिला, बोटं हलत राहिली. डोकं मात्र तिनं पुन्हा कधी टेकवलं नाही. मला वाटलं, वय झालं.

अशी पंधरा वर्षं गेली. मुलगी शिकून पुण्याला गेली, माझी आई वारली, मी चष्म्यातून दोन चष्म्यांत आलो. मग एका सकाळी चौकात डाव्या हातानं एक ट्रॅक्टर आला. त्यानं हॉर्न वाजवला होता म्हणे, दोनदा. बायकोनं मागून माझा शर्टच ओढला, तेव्हा मी ब्रेक दाबला. ट्रॅक्टरवाल्यानं आमच्या घराण्याचा उद्धार केला, तो मात्र उजव्या कानानं पूर्ण ऐकू आला. "कान दाखवा," बायको म्हणाली. "दर पावसाळ्यात वाहते, आता हॉर्नबी आयकू नाई येत. उद्याच चला." मी म्हटलं, हो. या वेळी ऐकून म्हटलं.

हॉस्पिटलातली डॉक्टरीण आमच्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तिनं कानात बारीक नळी घातली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र दाखवलं. माझ्याच कानाचा आतला भाग मी पहिल्यांदा पाहत होतो. कागदी कंदिलाला उदबत्ती लागावी तसं गोल भोक. मग एका काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. उजव्या कानाला मी पटापट बटण दाबलं. डाव्याला इतका वेळ काही झालं नाही की मशीन बंद पडलं का म्हणून मी बाहेर पाहिलं. बाहेर बायको उभी होती, माझ्या बटणावरच्या बोटाकडे पाहत.

"हे केव्हापासून?" डॉक्टरनं विचारलं.

डॉक्टरशी खोटं बोलू नये एवढी अक्कल मला होती. मी म्हटलं, "लहानपणापासून. विहिरीत पडलो होतो."

"म्हणजे चाळीसेक वर्षं. घरात चालून गेलं असेल, पण रस्त्यावर या बाजूनं काही कळत नसेल."

"नाही कळत," मी म्हटलं.

बायकोनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्याडम, गाडीवर मागं बसून कोनी बोललं तं?"

"वारा असतो, कानावर कापड असतं, गाडीचा आवाज असतो. नाही ऐकू येणार, काकू."

"कधीच नाई?"

"या कानानं तर नाहीच."

बायकोनं पिशवीची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. डॉक्टर पुढचं समजावत होती. कानामागे छोटी चीर देऊन तिथल्या स्नायूवरचं पातळ आवरण काढायचं आणि त्याचं ठिगळ पडद्याला आतून लावायचं. त्याआधी कान पूर्ण कोरडा हवा, पाण्याचा थेंब नको, तेल तर मुळीच नको. दोन महिन्यांनी तारीख मिळाली. मी मान हलवत होतो, पण माझं लक्ष बायकोच्या त्या नाडीकडे होतं.

त्या दिवशी घरी येताना ती माझ्या मागे बसली आणि काहीच बोलली नाही. मानेवर श्वास नाही. खांद्यावर हात होता, बोटं हलत नव्हती. मला वाटलं, आज राग आहे, उद्या निवळेल. पण दुसऱ्या दिवशीही तसंच, रविवारीही तसंच. सव्वीस वर्षं मला जे ऐकू येत नव्हतं ते आता बंद झालं होतं आणि त्याची शांतता मात्र मला अगदी साफ ऐकू येत होती. रस्ता लांब वाटायला लागला. मी मुद्दाम खड्डे चुकवायचो नाही, निदान "हळू चालवा" तरी म्हणेल म्हणून. तेही म्हणाली नाही.

मी माफी मागितली. "आईनं सांगितलं होतं, कोनाले सांगू नको म्हनून. मंग सांगाची हिंमत नाई झाली."

"कानाचा राग नाई मले," ती म्हणाली.

"मंग बोलत काऊन नाई?"

"बोलून राह्यली ना." आणि पोळी तव्यावर उलटली.

दोन महिने तिनं माझा कान डोळ्यात तेल घालून सांभाळला, कानात मात्र थेंब जाऊ दिला नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं की आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानात घालायचा. माझ्यावर तिचा भरवसा नव्हता. स्वतः कापूस घालून, मला स्टुलावर बसवून, मानेखाली मग्यानं पाणी घालायची. लग्न झाल्यापासून तिनं मला असं कधी न्हाऊ घातलं नव्हतं. एवढी माया आणि एवढा अबोला एकाच हातानं अंगावर ओतला जात होता, आणि मला त्यातलं कोणतं खरं ते कळत नव्हतं. एके दिवशी न राहवून मी विचारलंच.

"बाबांचा कार्यक्रम झाला त्या दिवशी पुलावर तू काय म्हनली होती?"

मगा वरच्या वर थांबला.

"मंग तू डोकं टेकवलं होतं," मी म्हटलं. "मले त्याची लय आठवन येते. पन काय म्हनली ते आयकूच नाई आलं. तेवढं एकदा सांग."

पाठीवरचं पाणी गार व्हायला लागलं.

"ते आयकलंच नव्हतं तुम्ही?"

"नाई."

"अन् हो म्हटलं?"

"हो."

तिनं मगा बादलीत बुडवला, भरला आणि माझ्या खांद्यांवर ओतला. "कान बरा होऊ द्या," ती म्हणाली. "मंग सांगीन. त्याच कानात सांगीन."

त्या दिवसापासून मला ते ऑपरेशन हवं झालं. हॉर्न, कचेरी, फोन, सगळं एकीकडे. मला पुलावरची ती तीन-चार वाक्यं परत हवी होती.

ऑपरेशन जागेपणीच झालं, कानाभोवती सुया टोचून बधिर करून. तोंडावर हिरवं कापड, आणि डोक्याच्या आत कुणीतरी वाळू चाळावी तसा आवाज. डॉक्टर मधे मधे विचारायची, "काका, बरे आहात ना?" मी हो म्हणायचो, मग घाबरून "बरा आहे, बरा आहे" असं पूर्ण वाक्य म्हणायचो. हो या शब्दावरून माझा विश्वास उडाला होता. बाहेर आणलं तेव्हा डोक्याला फेट्यासारखी पट्टी होती. बायको स्ट्रेचरबरोबर चालत होती आणि पट्टी सरळ आहे का ते पाहत होती.

मग नियमांचं राज्य सुरू झालं. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. वजन उचलायचं नाही, डाव्या कुशीवर झोपायचं नाही, गाडी तर दीड महिना बंद. मला शिंक आली की ती स्वैपाकघरातून ओरडायची, "तोंड उघडा." एकदा फोडणीच्या ठसक्यानं मी तोंड मिटून शिंकलो, तर ती पळत आली आणि माझ्या कानाकडे अशी पाहत राहिली की जणू तिचंच काही आत ठेवलेलं सांडलं असावं. ठिगळ निसटलं तर? तिच्या डोळ्यांत तेवढंच होतं. मीही घाबरलो होतो. तिनं सांगायचं ठेवलेलं मला दुसऱ्यांदा गमवायचं नव्हतं.

ठिगळ निसटलं नाही. कानातलं औषधी भरण विरघळत गेलं आणि डावीकडचं जग थोडं थोडं आत यायला लागलं. आधी माझ्याच चपलेचा आवाज. मग शेजारच्या कुकरची शिट्टी, मग पंख्याची कुरकुर, ती सहा वर्षं आहे म्हणे. गाडी पुन्हा सुरू केली तेव्हा कळलं की तिचा इंडिकेटर पीं पीं वाजतो. तो बंद करायचा असतो हेही कळलं. इतकी वर्षं माझ्यामागून येणाऱ्यांना मी डावीकडे वळणार म्हणून किती मैल वाट पाहायला लावली असेल.

तीन महिन्यांनी पुन्हा त्या काचेच्या खोलीत बसलो. या वेळी डाव्या कानालाही बटण दाबत गेलो. डॉक्टरनं कागद दाखवला, उजव्या कानाची लाल रेघ आणि डाव्याची निळी, जवळजवळ शेजारी आल्या होत्या. "पडदा छान बसलाय, काका. आता सगळं ऐकू येईल," ती म्हणाली. बायकोनं तो कागद हातात घेऊन नीट पाहिला, घडी करून पिशवीत ठेवला. बाहेर येऊन गाडीवर बसताना म्हणाली, "पवनारले घ्या."

बावन्न वर्षांचा माणूस, कानामागे ताजा वण, आणि लग्नाला निघाल्यासारखी अवस्था. दुपट्टा मी बांधलाच नाही, गळ्यात टाकला.

पूल आला. ती काही बोलली नाही. पूल गेला. मी आरशात पाहिलं, ती नदीकडे पाहत होती. घरापाशी तिनं कुलूप उघडलं. आत बंद घराचा वास, भिंतीवरचे दोन फोटो धुळीतही जागच्या जागी. ती सरळ मागच्या खोलीत गेली आणि खुंटीवरचं एक गाठोडं काढून आणलं. जुन्या हिरव्या लुगड्यात बांधलेलं, वर दोन पक्क्या गाठी. गाठीतून तांब्याच्या लोटीचं तोंड दिसत होतं.

"हे काय बांधून ठेवलं?" मी विचारलं.

"आईनं बांधलं होतं," ती म्हणाली. "मी सोडलं नाई कधी." तिनं फोटोंवरची धूळ पदरानं पुसली, हात जोडले आणि कुलूप लावलं.

गाठोडं मांडीवर घेऊन ती मागे बसली. पुलाजवळ आलो तेव्हा तिनं खांद्यावर हात ठेवला. "थांबवू नका," ती म्हणाली. "त्या दिवशी होती तशीच हळू चालवा. आता आयका."

ती पुढे झुकली. श्वास आला, आणि त्या श्वासाच्या मागोमाग पहिल्यांदाच आवाज आला. मी बनवलेल्या आवाजासारखा तो नव्हता. घरातल्यापेक्षा बारीक होता, बी.ए.च्या परीक्षेला सोडायचो त्या मुलीचा.

"आई आता एकटी आहे. तिले आपल्या घरी आनू का? ती कोपऱ्यात पडून राहीन, तुमाले तरास नाई देनार. इचारून पाह्यते आपलं."

एकूण एक अक्षर ऐकू आलं. गाडी पुलावरून जात होती. खाली धामचं पाणी होतं, त्याचाही आवाज येत होता, तोही मला आजवर माहीत नव्हता.

"तुम्ही हो म्हनले होते," ती तशीच, कानापाशी बोलत राहिली. "मी दुसऱ्याच दिवशी आईले सांगितलं. ती म्हनली, जवाईबापूनं हो म्हटलं म्हंजे झालं. अन् हे बांधून ठेवलं. तुम्ही आले की उठून उभी राहे ती. तिले वाटे, आज म्हनतीन, चला, म्हनून."

मला आठवलं. उभ्या राहायच्या खऱ्या. त्यांचं पदर सावरून उभं राहणं मी जावयाचा मान समजून घेत आलो होतो, चहा पिऊन निघत होतो.

"पुन्हा काऊन नाई इचारलं?" माझा आवाज मलाच दोन्ही कानांनी ऐकू आला.

"हो म्हटलेल्या मानसाले पुन्हा काय इचारायचं? मले वाटलं, तुमाले नको आहे. तोंडावर नाई म्हनता आलं नाई, म्हनून हो म्हटलं." तिनं मांडीवरचं गाठोडं सावरलं. "पंधरा वर्षं मले तेच वाटे. मी लय राग केला तुमचा. बोलत राह्यली, पन राग केला. अन् तुमाले तं आयकूच नव्हतं आलं. आता तो राग कुठं ठेवू ते मले समजून नाई राह्यलं."

तिची बोटं थांबली. मला ते थांबणं ओळखीचं होतं. ती उत्तराची वाट पाहत होती. तोंडाशी हो आला होता, सवयीचा, मी तो गिळला. गाडी पूल ओलांडून गेली.

"आन," मी म्हटलं. "आपल्या घरी आन."

तिनं डोकं टेकवलं नाही. गाठोडं आमच्या दोघांच्या मध्ये होतं.